शाळेत मतदान केंद्र: आदली दुपार आणि दुसरी सकाळ

मतदानाच्या दिवशी शाळा बंद असते, म्हणून मुलांची काळजी नको, असं आपण धरून चालतो. खरं तर त्या दिवशी शाळेत पोलीस असतात, अधिकारी असतात, सगळ्या गावाची नजर असते. मुलांना इजा व्हायची शक्यता जास्त असते ती आदल्या दुपारी, जेव्हा मतदान पथकाची एसटी अंगणात मागे येत असते आणि पोरं दप्तरं घेऊन धावत बाहेर पडत असतात. आणि दुसऱ्या सकाळी, जेव्हा वर्गात ब्लेड, टाचण्या नि लाखेचे तुकडे पडलेले असतात आणि कुलूप उघडायला शाळेचा एकही शिक्षक गावात नसतो. म्हणून या लेखातला बराचसा भाग या दोन वेळांवरच आहे. कोकणातल्या शाळांचे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, अंगणवाडी सेविका, बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा गावपातळीवरचा कर्मचारी) आणि पालक यांना उपयोगी पडावं असा बेत आहे.

आधी कॅलेंडर बघा

सगळ्या निवडणुका सारख्या नसतात. ७ मे २०२४ ला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान झालं तेव्हा मे महिना होता, शाळा सुटीच्या हवेत होत्या, मुलं आंब्याखाली होती. त्याच वर्षीच्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, बुधवारी होतं. म्हणजे मंगळवार आणि गुरुवार हे दोन्ही शाळेचे दिवस. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेले सगळे धोके इथे लागू.

तिसरा प्रकार फसवा आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत मतदार थोडे, केंद्रंही थोडी, आणि ती बहुधा तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या शाळेत. कोकण पदवीधरचं मतदान २६ जून २०२४ ला झालं, ऐन पावसात, शाळा सुरू होऊन जेमतेम दहा-अकरा दिवस झालेले असताना. अशा वेळी सुट्टी कोणाला आहे, मतदारांना की शाळेलाही, हे आदेशात नीट वाचा. ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीतही हीच गोष्ट. ‘सुट्टी असेलच’ असं समजून बसू नका. केंद्रप्रमुखांकडून (म्हणजे शाळांच्या गटाचे प्रमुख, मतदान केंद्राचे नव्हेत) किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. ज्या वाडीत रेंज नाही तिथे शेजारच्या मुलाकडून चिठ्ठी पाठवा.

इमारत द्यायची की नाही, हा प्रश्न शाळेच्या हातात फारसा नसतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १६० नुसार निवडणुकीसाठी जागा अधिग्रहित करता येते. खासगी संस्थेची शाळाही त्यातून सुटत नाही, फक्त तिला कलम १६१ खाली मोबदल्याची तरतूद आहे. शिक्षकांचंही तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायला मनाई केली आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं त्यातून वगळली आहेत. तेव्हा ‘देणार नाही’ म्हणण्यात शक्ती घालवू नका. कोणती खोली, कोणता रस्ता, किती वाजता, किल्ली कोणाकडे, या बाबतीत मात्र शाळेचं म्हणणं ऐकलं जातं. ते योग्य वेळी मांडलं तर.

योग्य वेळ म्हणजे मतदान केंद्रांच्या यादीचं सुसूत्रीकरण, म्हणजे फेरआखणी, चालू असते तेव्हा. मतदार यादीच्या पुनरीक्षणाआधी बीएलओ आणि तलाठी केंद्राची पाहणी करायला येतात, फोटो काढतात, फॉर्म भरतात. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी बरोबर फिरावं. एकदा यादी मंजूर झाली की केंद्र हलवायला निवडणूक आयोगाची परवानगी लागते आणि निवडणूक जाहीर झाल्यावर तो खटाटोप कोणी करत नाही.

खोली कोणती द्यायची

निवडणूक कार्यालयाला हवं असतं ते असं: तळमजला, किमान २० चौरस मीटर जागा, शक्यतो येण्याजाण्याची दोन दारं, वीज, पाणी, स्वच्छतागृह, रॅम्प. आपल्या चिरेबंदी कौलारू शाळांत हे बहुतेक जमतं, दोन दारांचं सोडून. एकच दार असेल तर मधे दोरी बांधून आत-बाहेर वेगळं करता येतं. ती दोरी कमरेच्या उंचीला बांधा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने सोडा. लहान मुलाच्या गळ्याच्या उंचीला ताणलेली सुतळी दारात राहिली तर धावत येणाऱ्या पहिलीतल्या पोराचं काय होईल, ते सांगायला नको.

शाळेच्या बाजूने बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

अंगणवाडी त्याच आवारात असेल तर तिच्या लगतची खोली देऊ नका. पोषण आहाराच्या स्वयंपाकघराशेजारचीही नको. तिथे सिलिंडर असतो, तांदळाचा साठा असतो. फाटकापासून खोलीपर्यंत मतदार सरळ जातील आणि सरळ परत येतील अशी टोकाची खोली उत्तम. बाकीच्या वर्गांसमोरून रांग जाणार नाही असं बघा, कारण रांगेतली माणसं पडवीत टेकतात, खिडकीतून आत डोकावतात, भिंतीवर पान थुंकतात. शेवटचं वाक्य कोणाला लागलं तर लागू दे.

छपराकडे वर मान करून बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कित्येक शाळांची कौलं, पत्रे उडाले. काही ठिकाणी दुरुस्ती नीट झाली, काही ठिकाणी वासे तेच राहिले. एखादी खोली निर्लेखित झालेली असेल, म्हणजे वापरायला धोकादायक म्हणून नोंदवली गेली असेल, तर ती बंद आहे एवढ्याने भागत नाही. तिच्या वळचणीला सावली असते आणि उन्हात रांगेतले लोक नेमके तिथेच जाऊन उभे राहतात. बांबू लावून ती बाजू अडवा, ‘इथे थांबू नये’ लिहा, आणि बीएलओच्या पाहणी नोंदीत तसं लिहून घ्या.

आवारातली विहीर. कठडा नसेल किंवा गुडघ्याएवढाच असेल तर जाळी टाकल्याशिवाय केंद्र देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्या मुलांना विहीर माहीत असते. मे महिन्यात मतदानाला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या पोरांना नसते.

रॅम्पचा एक फायदा शाळेने जरूर उचलावा. किमान सुविधांमध्ये रॅम्प येतो. त्याचा उतार एकास बारा असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दर निवडणुकीला फळ्या टाकून तात्पुरता रॅम्प करण्यापेक्षा कायमचा मागा, हाताला धरायच्या पाइपासकट. नंतर तो मुलांचाच होतो. फक्त गुळगुळीत कोबा करू देऊ नका. पहिल्या पावसात शेवाळ धरलं की त्यावरून माणूस सरळ अंगणात जातो.

बोलक्या भिंती गप्प करणं

मतदान केंद्रात कोणत्याही पक्षाचं चिन्ह किंवा पुढाऱ्याचं छायाचित्र दिसता कामा नये. आता आपल्या पहिलीच्या वर्गाची भिंत आठवा: क कमळाचा, घ घड्याळाचा, ध धनुष्याचा, म मशालीचा. महाराष्ट्राच्या राजकारणाने अर्धी बाराखडी उचलली आहे. ऐनवेळी केंद्राध्यक्षांच्या, म्हणजे मतदान केंद्राच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, ते लक्षात येतं आणि कोणीतरी त्यावर चुना फासतो किंवा चित्र ओरबाडतो. पालकांनी वर्गणी काढून रंगवलेली भिंत असते ती.

म्हणून शाळेने आधीच खाकी कागद आणि चिकटपट्टी आणून ठेवावी. वर्तमानपत्र लावू नका, त्यात उमेदवारांच्याच जाहिराती असतात. कागद चित्राच्या चौकटीबाहेर चिकटवा म्हणजे काढताना रंग निघत नाही. चिन्हांची यादी निवडणुकीगणिक बदलते, सायकल, शिट्टी, नारळ, छत्री असं काहीही कोणाला मिळतं, तेव्हा चिन्हवाटप झाल्यावर एकदा फेरी मारून बघा.

त्याच फेरीत दुसरी गोष्ट. वर्गाच्या भिंतीवर मुलांची नावं, वाढदिवस, फोटो, काही ठिकाणी पालकांचे फोन नंबरसुद्धा लावलेले असतात. दिवसभरात हजारभर माणसं तिथून जाणार आहेत. हे सगळं उतरवून कपाटात ठेवा. जनरल रजिस्टर, हजेरी, आधारच्या प्रती, दाखल्यांचं पुस्तक हे केंद्राच्या खोलीतल्या कपाटात असेल तर कपाटच दुसरीकडे हलवा. नुसतं कुलूप पुरेसं नाही, कारण ‘सर, जरा किल्ली द्या, खुर्च्या काढायच्यात’ हे वाक्य रात्री दहाला येणारच.

शाळेच्या सीसीटीव्हीबद्दल गोंधळ होतो. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर शासनाने शाळांत कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी यांचे आदेश काढले, आणि बऱ्याच शाळांत कॅमेरे आले. मतदान कक्षाकडे तोंड असलेला शाळेचा कॅमेरा चालू राहता कामा नये, कारण मत गुप्त आहे. तो झाका किंवा काढा. पण म्हणून सगळी यंत्रणाच बंद करू नका. फाटक, व्हरांडा, स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट इथले कॅमेरे चालू राहू देत. काय झाकलं आणि काय चालू ठेवलं, हे केंद्राध्यक्षांना दाखवा. वेबकास्टिंगचा (थेट प्रक्षेपणाचा) कॅमेरा आयोगाचा वेगळा असतो, त्याला हात लावू नका.

आदला दिवस

साहित्य वाटप तालुक्याच्या ठिकाणी सकाळी सुरू होतं. यंत्रं, व्हीव्हीपॅट, पेट्या, पाकिटं मोजून घेऊन पथक निघतं आणि दुपारी, कधी संध्याकाळी, केंद्रावर पोचतं. राजापूर-लांज्याच्या आतल्या गावांत रस्त्याची लांबी आणि वळणं बघता वेळ सांगता येत नाही. खाडीपलीकडच्या वाडीत तर आणि अवघड. शाळा सुटायची वेळ आणि पथक यायची वेळ एकमेकांवर येऊ न देणं, हे आदल्या दिवसाचं मुख्य काम.

साधा उपाय म्हणजे त्या दिवशी सकाळची शाळा. त्यासाठी मंजुरी आधीच्या आठवड्यातच मागा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्या शाळांत कामावर गेल्यामुळे शिक्षकच उरत नव्हते, तिथे सुट्टीचा निर्णय मुख्याध्यापकांनी आपल्या पातळीवर घ्यावा असं शिक्षण विभागाने कळवलं होतं. त्यातून सरसकट सुट्टी आहे अशी अफवा उठली आणि नंतर खुलासा करावा लागला. म्हणून तुमच्या शाळेचं काय ठरलं, ते पालकांना स्पष्ट शब्दांत कळवा, वेळेसकट. सकाळची शाळा असली तरी पोषण आहार बुडवू नका, लवकर शिजवून जेवूनच सोडा. काही घरांत आई-बाप कामावर गेलेले असतात, अवेळी सुटलेलं मूल उपाशी राहतं. अशा मुलांची यादी शिक्षकांना पाठ असते. त्यांना कोणाकडे सोडायचं, ते आधी ठरवा.

बाकं हलवायचं काम पोरांकडून करून घ्यायची आपल्याकडे जुनी सवय आहे. लोखंडी पायांचं जड बाक दोन टोकांना दोन चौथीतली मुलं, मधे पायरी. बोटं चेमटतात ती इथेच. हे काम मोठ्यांचं. ग्रामपंचायतीचे शिपाई, समितीचे सदस्य, गावातली तरुण मंडळी यांना मुलं गेल्यावर बोलवा.

आणि बाकं कुठे ठेवता? शक्यतो दुसऱ्या बंद वर्गात. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लावून बाहेर रचू नका. आमच्या जांभ्या दगडाच्या मुलखात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, हे नेहमीचं जनावर आहे, वीतभर ते हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, चिऱ्यांच्या फटीत आणि लाकडाखाली दबून बसणारं. एक रात्र बाहेर राहिलेल्या बाकांच्या खाली ते किंवा विंचू सहज शिरतो आणि सकाळी उघडे हात त्यात जातात.

मांडव घालणाऱ्याला तीन गोष्टी सांगा: खुंट्या आणि ताणाच्या दोऱ्या वाटेत नकोत, लोखंडी खांब विजेच्या तारेखाली नकोत, ताडपत्री वाऱ्याने उचलली जाणार नाही अशी बांधा. मेच्या मध्यानंतर किंवा ऑक्टोबरात गडगडाट झाला तर मांडवाखालच्या आणि झाडाखालच्या लोकांना पक्क्या खोलीत घ्यायचं, हे आधीच पोलीस पाटलांना सांगून ठेवा. त्यासाठी एक खोली मोकळी ठेवा. दिव्यासाठी ओढलेली तात्पुरती वायर जमिनीवरून जाणार असेल तर वायरमनकडून ती वरून घ्या; गावातल्या ‘मला जमतं’ म्हणणाऱ्याकडून नको.

ताबा द्यायची पद्धत

तोंडी ताबा देऊ नका. एका कागदावर लिहा: कोणत्या खोल्या दिल्या, किती बाकं, टेबलं, खुर्च्या, पंखे, बल्ब, कोणत्या किल्ल्या दिल्या, कोणत्या खोल्या बंद आहेत. खाली केंद्राध्यक्षांची सही, वेळ. प्रत्येक खोलीचा दारातून एक फोटो. जडसंग्रह नोंदवहीशी (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीशी) हे जुळवलेलं असलं की नंतर मोडकं बाक कोणाच्या नावावर पडत नाही.

याच वेळी केंद्राध्यक्षांना आवार फिरवून दाखवा. पिण्याचं पाणी कोणतं आणि वापरायचं कोणतं, मुख्य स्विच कुठे, विहीर कुठे, जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, रुग्णवाहिकेला १०८ लावला तर गाडी कोणत्या पाखाडीपर्यंतच (पायवाटेपर्यंतच) येते. बिचारे केंद्राध्यक्ष स्वतः बहुधा दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेचे मास्तरच असतात. सांगितलं की त्यांना सगळं कळतं.

पथक रात्री शाळेतच झोपतं. महिला कर्मचारी असतील तर कडी लागणारी वेगळी खोली आणि उजेडातलं स्वच्छतागृह ही सोय शाळेने दाखवायची. जेवण बचत गटाच्या बायका करतात, कुठे पोषण आहाराच्या ताईच करतात. इथे एक नियम मात्र कडक ठेवा: चहा, पाणी, डबा, किल्ली, काहीही घेऊन मुलाला शाळेत पाठवायचं नाही. ‘जा रे बाळ्या, साहेबांना चहा देऊन ये’ हे प्रेमाने म्हटलं जातं, त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण वर्षभर अनोळखी माणसाला शाळेत शिरू न देणारे आपण, त्या एका संध्याकाळी दहाबारा परक्या माणसांच्या मुक्कामात एकटं मूल पाठवतो. पथकातली माणसं चांगलीच असतील. नियम तरी सगळ्यांना एकच असावा.

मतदानाचा दिवस

लोकसभा-विधानसभेला सकाळी साडेपाचच्या सुमाराला अभिरूप (चाचणी) मतदान, सातला प्रत्यक्ष मतदान, संध्याकाळी सहाला जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या देऊन शेवट. शंभर मीटरच्या आत प्रचार नाही. फक्कीची रेघ मारलेली असते. यातलं शाळेने काही करायचं नसतं.

मुलं मात्र येतात. कडेवरचं मूल घेऊन आईला आत जाता येतं, नियमात ती मुभा आहे. चालणारं पोर बाहेर राहतं. त्याला कोण बघणार? अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस यांची नेमणूक करून एका खोलीत चटया टाकल्या तर प्रश्न सुटतो, पण मग वही ठेवा: मूल कोणी सोडलं, कोण नेणार. सोडणाऱ्याशिवाय दुसऱ्याच्या हाती मूल द्यायचं नाही, मग तो काका असो नाहीतर शेजारी. गाव लहान आहे, सगळे ओळखीचे आहेत, हे उत्तर चालणार नाही. चाकरमानी आलेले असताना गाव लहान राहत नाही.

अंगणात गाड्या येऊ देऊ नका. झोपाळा, घसरगुंडी असेल तर दोरीने अडवा किंवा तिथे एक मोठं माणूस बसवा.

आणि विद्यार्थ्यांना स्वयंसेवक करू नका. मतदार जागृतीची फेरी, रांगोळी, पालकांना लिहिलेलं पत्र हे शाळेचे उपक्रम मतदानाआधी ठीक आहेत. प्रत्यक्ष दिवशी आजोबांची चाकाची खुर्ची ढकलायला अठरा वर्षांवरची माणसं शोधा. पक्षाच्या टेबलावर चिठ्ठ्या शोधून द्यायला बसवलेली सातवीतली मुलगी दिसली तर तिला घरी पाठवा आणि केंद्राध्यक्षांच्या किंवा झोनल अधिकाऱ्यांच्या (आसपासच्या काही केंद्रांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कानावर घाला. प्रचाराच्या कामात मुलांना वापरू नये, असं निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना पुन्हा बजावलं होतं.

किल्लीवाला माणूस

आता कोकणातल्या शाळांची खरी अडचण. आपल्याकडे पुष्कळ शाळा द्विशिक्षकी आहेत. लोकसभा-विधानसभेला कर्मचाऱ्याला तो नोकरी करतो त्या मतदारसंघात शक्यतो नेमत नाहीत. म्हणजे देवगडातल्या शाळेचे दोघे शिक्षक दुसऱ्या मतदारसंघात कुठेतरी, आणि त्यांच्या शाळेत दुसरीकडचे कोणीतरी. साहित्य जमा करून शिक्षक मध्यरात्रीनंतर मोकळे होतात. इकडे त्यांच्या शाळेतलं पथकही रात्री निघून गेलेलं असतं. दुसऱ्या सकाळी दहा-साडेदहाला पोरं फाटकावर हजर.

म्हणून आदल्या आठवड्यातच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक माणूस ठरवा आणि ठरावात नाव लिहा. अध्यक्ष, माजी शिक्षक, सेविका, कोणीही, पण कोणत्याही उमेदवाराचं काम न करणारं. मतदान प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्याला किल्ली नको. त्याने तीन गोष्टी करायच्या: रात्री पथक निघताना हजर राहून ताबा परत घ्यायचा, ताबा-कागद आणि फोटोंशी खोली ताडून बघायची, आणि सकाळी मुलांच्या दीड-दोन तास आधी शाळा उघडायची.

दुसरी सकाळ

फाटक बंद ठेवूनच आत जा. मुलं आधी आली तर बाहेर थांबवा. मग या क्रमाने:

१. अंगण. खुंट्या, दोऱ्या, बांबू, खिळे, फुटलेल्या बाटल्या. मांडववाला सकाळी येणार असेल तर तो जाईपर्यंत शाळा भरवू नका.

२. वायरी. लोंबकळणारी एकही ठेवू नका. मुख्य स्विच बंद करून मगच सोडवा.

३. केंद्राची खोली. इथे वेळ द्या. मोहोरबंदीसाठी मेणबत्ती, काडेपेटी, लाख, दोरा, ब्लेड, टाचण्या वापरलेल्या असतात आणि पथकाने ती घाईत, थकून, रात्रीच्या दिव्यात आवरलेली असते. आधी कुंचा मारा, मग बाकं लावा. टेबलाच्या खणात, खिडकीच्या गजाखाली, फरशीच्या फटीत हात न घालता बॅटरीने बघा. शाईची बाटली राहिली असेल तर मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. बोटावर ठीक, डोळ्यात नाही.

४. कागद. मतदार चिठ्ठ्या, यादीची पानं, पाकिटं, सीलच्या पट्ट्या एका लिफाफ्यात भरून बीएलओंना द्या. चुलीत घालू नका, मुलांना रफ वहीलाही देऊ नका, लोकांची नावं-पत्ते असतात त्यावर. सीलबंद पाकीट किंवा यंत्राचा कोणताही भाग दिसला तर हात न लावता खोलीला कुलूप घाला आणि झोनल अधिकाऱ्यांना फोन करा.

५. स्वच्छतागृह आणि पाणी. एका दिवसात सगळं गाव वापरून गेलेलं असतं. फिनेल टाकून धुतल्याशिवाय मुलांना सोडू नका. टाकीतलं पाणी काढून टाकून नवं भरा. मे महिन्यात टँकरचं गाव असेल तर केंद्रासाठी येणारं पाणी वेगळ्या पिंपात घ्यायला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे शाळेची टाकी रिकामी होत नाही.

६. बाकं बाहेर राहिलीच असतील तर आधी काठीने ठोका, एकेक आडवं पाडून खाली बघा. चप्पल नको, बूट घाला. साप दिसला तर मारायला जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. कोणाला चावलाच तर चावलेला भाग हलवू न देता, न कापता, न बांधता थेट दवाखान्यात. भगत नंतर.

७. भिंतींवरचे खाकी कागद सावकाश काढा, कॅमेऱ्यावरचं झाकण काढा.

हे सगळं दीड तासात होतं, दोन-तीन माणसं असली तर. नाहीच झालं तर ती खोली बंद ठेवून मुलांना दुसऱ्या वर्गात एकत्र बसवा. एक दिवस पहिली ते चौथी एकत्र बसली म्हणून काही बिघडत नाही.

मोडतोड असेल तर त्याच दिवशी ताबा-कागदाची प्रत आणि फोटो जोडून तहसीलदार कार्यालयाला पत्र द्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत. आठवडा गेला की कोणी दाद घेत नाही.

वर्गात काय बोलायचं

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकाच भावकीत दोन पॅनेल असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या दोन घरची पोरं एका बाकावर बसतात. घरी ऐकलेलं ती वर्गात आणतात. शिक्षकांनी कोणाच्या घरचं मत कोणाला, हा विषय हसूनसुद्धा काढू नये. ‘तुझ्या बाबांनी पाडलं आम्हाला’ असं ऐकू आलं तर दोघांना वेगवेगळं बसवून भागत नाही. खेळात एका गटात घाला. मोठ्या मुलांशी थोडं सविस्तर बोला, मत गुप्त का असतं, बोटाला शाई का लावतात. त्यांना प्रश्न पडलेले असतातच. परक्या माणसाने त्या दोन दिवसांत काही विचारलं, काही दिलं, कुठे बोलावलं का, हेही सहज विचारून घ्या. शंका आली तर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ वर फोन करा, पोलिसांसाठी ११२.

शेवटचं काम निकालाच्या दिवसाचं. २३ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतमोजणीला, शनिवार होता. सकाळच्या शाळा सुटायच्या वेळेला फेऱ्यांचे आकडे येत होते. गुलाल, फटाके, टेम्पो आणि घरी चालत निघालेली पोरं एकाच रस्त्यावर. अशा दिवशी मुलांना वाडीवार गट करून, मोठ्यांबरोबर, आणि जमल्यास हमरस्ता सोडून पाखाडीने पाठवा. शाळेपुढे फटाके वाजले असतील तर पुढच्या सकाळी न फुटलेले सुतळी बॉम्ब वेचून पाण्याच्या बादलीत टाका. मुलं ते खिशात घालून घरी नेतात.